तुले कोनी सांगं? : खानदेशातल्या संपादकांना एक खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या दैनिकांचे संपादक, आवृत्तीप्रमुख आणि रात्री उशिरापर्यंत पान लावत बसणारे सगळे उपसंपादक,

स. न. वि. वि.

सर गेले ती बातमी तुम्ही सगळ्यांनी छापलीत. कुणी दोन कॉलम, कुणी फोटोसह चार कॉलम. एका मथळ्यात ते 'भीष्माचार्य' झाले, दुसऱ्यात 'दीपस्तंभ'. विशेषणांना हात लावाल तर बोटं मोडीन, असं वर्गात बजावणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आलं, त्याचं मला हसूही आलं. पण तो राग नाही. बातमीत तीन चुका होत्या. वय दोन वर्षांनी जास्त होतं. 'ज्येष्ठ संपादक' असं लिहिलं होतं, आणि संपादक ते आयुष्यात कधीच नव्हते. आधी तालुक्याचे वार्ताहर आणि नंतर पत्रकारिता शिकवणारे मास्तर, एवढंच. तिसरी चूक अंत्ययात्रेच्या वेळेची. सकाळी दहाची अंत्ययात्रा दुपारी चारला निघेल, असं छापलं गेलं. पहिल्या दोन चुकांनी कुणाचं अडलं नाही. तिसरीनं अडलं, म्हणून हे पत्र.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. सरांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, तशी इच्छा आहे. तुम्हाला ते सांगायची गरजही नाही, तुमच्यापैकी निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेत.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी सरांच्या घराबाहेर उभा होतो. नेरी नाक्याच्या स्मशानभूमीतून माणसं परतून, आंघोळी करून दोन-तीन तास झाले होते. मांडववाला खुर्च्या एकात एक अडकवून टेम्पोत टाकत होता. चैत्रातलं जळगावचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तेवढ्यात रिक्षातून दोन म्हातारे उतरले. एक शहाद्याचे, एक तळोद्याचे. दोघंही जुने वार्ताहर, सरांच्या पहिल्या बॅचचे. एकाच्या हातात कॅरीबॅगमध्ये झेंडूचा हार, त्यावर ओला रुमाल टाकलेला, सुकू नये म्हणून. पहाटेच्या एसटीनं निघून, धुळ्याला गाडी बदलून आले होते. मांडव उतरताना पाहून ते थबकले. शहाद्याच्या काकांनी खिशातून घडी केलेला पेपर काढला. बातमीतल्या 'दुपारी ४' भोवती त्यांनी पेनानं गोल केला होता. तो मला दाखवत म्हणाले, "चार लिखेल शे ना भो."

मी काय बोलणार? हार त्यांनी दारातल्या पणतीजवळ ठेवला आणि पाणी पिऊन परतीच्या गाडीला गेले.

आता मुद्द्याचं सांगतो. तुमच्याकडे ती वेळ गेली कुठून, याची चौकशी तुमच्यापैकी एकानंही केली नाही, म्हणून मीच सांगतो. ती माझ्याकडून गेली. सर रात्री साडेआठच्या सुमाराला गेले. मी नाशिकला. सव्वानऊला त्यांच्या एका नातेवाइकाचा मेसेज आला: मुलगी पुण्याहून येतेय, अंत्ययात्रा उद्या दुपारी चारला. मी तो जसाच्या तसा तिन्ही जिल्ह्यांच्या पत्रकारांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडले. पुढे घरात ठरलं की एवढ्या उन्हात थांबवायचं नको. मुलगीही रात्रीच निघाली होती. वेळ दहाची झाली. मला हे पहाटे गाडीत बसताना कळलं. मी जळगावच्या रस्त्याला लागलो, गावातल्या लोकांना फोन केले. ग्रुपवर टाकलेला मेसेज माझ्या डोक्यातच आला नाही. आला असता तरी पेपर तोवर गाडीवर चढले होते.

म्हणजे माहिती दिली मी, आणि न विचारता छापली तुम्ही. रात्री अकरा ते बारा या वेळात तुमच्यापैकी एकानं जरी त्या घराच्या शेजारी फोन केला असता, तरी दहा वाजताची वेळ मिळाली असती. मी विश्वासातला माणूस, सरांचा विद्यार्थी, म्हणून कुणी विचारलं नाही. याच कारणासाठी विचारायला हवं होतं.

सरांचा पहिला धडा आठवा. ज्यांनी तो संध्याकाळचा डिप्लोमा केला, त्यांना आठवेलच. कॉलेजच्या मागची पत्र्याची खोली, एक पंखा, तोही सरांच्या डोक्यावरच फिरणारा. वर्गात एलआयसीचे एजंट, प्राथमिक शिक्षक, एक कंपाउंडर, बाजार समितीतला एक मापाडी आणि आमच्यासारखी बीए होऊन रिकामी बसलेली पोरं. आम्हाला वाटायचं, आता अग्रलेख शिकवतील, शोधपत्रकारिता शिकवतील. पहिले आठ दिवस सरांनी निधनवार्ता लिहायला लावली. 'दुःखद निधन' लिहिलं की विचारायचे, "सुखद कधी पाहिलंस?" (हा विनोद महाराष्ट्रातला प्रत्येक पत्रकारितेचा मास्तर करतो, सरही करायचे.) पण खरा धडा पुढे होता. नाव, वय, गाव, मागे कोण, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता. वेळेखाली दोन रेघा मारायचे. म्हणायचे, मंत्र्याच्या भाषणात वाक्य चुकलं तर मंत्री उद्या खुलासा देईल. मेलेल्या माणसाची वेळ चुकली तर साक्रीहून निघालेल्या बहिणीला भावाचं तोंड दिसणार नाही, आणि तिचा खुलासा कुणी छापणार नाही.

मग आमच्यातल्या कुणीतरी विचारायचं, रडणाऱ्या घरात फोन कसा करायचा, सर? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. घरात करू नका. शेजारी करा. ते जमलं नाही तर तिरडीचं सामान विकणाऱ्याला विचारा, त्याला वेळ माहीत असते कारण त्याला माल द्यायचा असतो. त्याच्याकडेही नसेल तर पोलीस पाटलाला. सरांच्या तीन जाड डायऱ्या होत्या. तालुक्याप्रमाणे पानं, प्रत्येक गावाचे चार-पाच नंबर, सगळे पेन्सिलीनं, कारण नंबर बदलतात. सरपंच, पोलीस पाटील, प्राथमिक आरोग्य केंद्रातला शिपाई, स्टेशनमास्तर, एखादा किराणा दुकानदार. डॉक्टरचा नंबर नसायचा, शिपायाचा असायचा. "डॉक्टर उचलत नाही," एवढंच कारण.

आणि आपण काहीही लिहून नेलं, की मान वर न करता तो प्रश्न यायचा. वर्गात ते प्रमाण मराठी बोलायचे, पण हा प्रश्न नेहमी अहिराणीतच: "तुले कोनी सांगं?" कुणाचं तरी नाव सांगितलं की पुढचा: "आन् त्याले कोनी सांगं?" तिसऱ्यांदा विचारेपर्यंत बहुतेक बातम्या गळून पडायच्या.

माझी एक बातमी अशी गळून न पडता छापून आली होती, ती मी आज सगळ्यांसमोर सांगतो. डिप्लोमा संपत आला होता, मी एका दैनिकात शिकाऊ म्हणून लागलो होतो. पारोळ्याजवळ महामार्गावर ट्रक आणि काळीपिवळीची धडक झाली. मी पोलीस ठाण्याला फोन लावला, ठाणे अंमलदारानं सांगितलं तीन ठार, नावं दिली, मी लिहिली. त्यातला एक मुलगा जिवंत होता. धुळ्याला सिव्हिलमध्ये बेशुद्ध होता, पण जिवंत. सकाळी पेपर गावात पोचला आणि दोन गावांच्या बायका रडत त्याच्या आईच्या दारात आल्या. दुपारी सिव्हिलमधून माणूस आला तेव्हा खरं कळलं.

सर मला घेऊन एसटीनं त्या गावी गेले. मी नको म्हणत होतो. मार पडेल असं वाटत होतं. ओसरीवर आई बसली होती, डोळे सुजलेले. सर तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माय, या पोऱ्यानी चुकी करी. माफी मांगाले उना शे." मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. बाईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मना पोऱ्या जित्ता शे. मंग कसानी माफी?" आणि आत जाऊन चहा ठेवला. तो चहा मी कसा प्यालो ते माझं मला माहीत.

परत येताना सरांनी मला दुरुस्ती लिहायला लावली, एसटीतच, गुडघ्यावर कागद ठेवून. तीन वेळा फाडली. 'अनवधानाने' शब्द काढायला लावला. 'दिलगीर आहोत' राहू दे म्हणाले, पण शेवटी. आधी काय चुकलं आणि खरं काय ते. आमच्या संपादकांनी ती छापली नाही. म्हणाले, अशा दुरुस्त्या छापत बसलो तर वाचकाचा विश्वास उडेल. सर वाद घालायला गेले नाहीत. त्यांनी ती कॉलेजच्या भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरात लावली, माझ्या नावासह, आणि महिनाभर काढली नाही.

त्या भित्तिपत्रकाचा सरांना फार सोस. दरवर्षी ६ जानेवारीला आपण सगळे बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो, कारण १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' निघालं. सर त्या दिवशी नव्या बॅचला घेऊन भुसावळ-सुरत पॅसेंजरनं अमळनेरला जायचे. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयाचं काम पाहायचे आणि मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे. पुढे 'विद्यार्थी' मासिक, आणि १९३८ मध्ये तिथूनच 'काँग्रेस' साप्ताहिक. 'साधना' मुंबईतून १९४८ मध्ये. सर म्हणायचे, या माणसानं हस्तलिखितापासून सुरुवात केली, ज्याचा वाचक त्याच इमारतीत झोपत होता. चुकीचं लिहिलंत तर सकाळी दात घासताना तोच समोर येणार. तालुक्याच्या वार्ताहराचं तसंच असतं, मुंबईच्या संपादकाचं नसतं. ही त्यांची लाडकी थिअरी. मला ती पूर्ण पटत नाही, समोर येणाऱ्याला घाबरून न लिहिणारे वार्ताहरही मी भरपूर पाहिलेत.

सर स्वतः त्याच जातकुळीतले. सुरुवातीच्या काळात ते शिरपूरहून बातम्या पाठवायचे. कागद पाकिटात घालून, वर 'वृत्तपत्राची बातमी, तातडीचे' लिहून संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचे. पलीकडे बसस्टँडवर पेपरचा पोऱ्या ते घ्यायला उभा. गाडी पंक्चर झाली की बातमी पंक्चर. त्यातला एक कंडक्टर पाकीट हातात घेतल्यावर विचारायचा, "काय लिखं आज?" सांगितलं की कधीकधी म्हणायचा, नाही हो, मी आत्ताच त्या गावावरून आलो, तसं नाहीये. सर त्याला आपला पहिला उपसंपादक म्हणायचे.

केळीचा धडाही विसरू नका. रावेर-सावद्याला पाठवायचे आणि एकच काम द्यायचे: आजचा केळीचा भाव आणा. सोपं वाटायचं. फलकावर एक भाव, व्यापारी दुसरा सांगणार, आणि ट्रक भरून दिलेला शेतकरी हातात पडलेला तिसरा सांगणार, तोही दहा मिनिटं बोलल्यानंतर. वर बऱ्हाणपूरला काय निघाला, ते वेगळंच. आम्ही शहाण्यासारखी सरासरी काढून न्यायचो. सर कागद परत करायचे. तिन्ही आकडे लिही, कुणी सांगितला तेही लिही, आणि फरक कुणाच्या खिशात जातो ते विचारायला उद्या परत जा. गाडीभाडं ते स्वतःच्या खिशातून द्यायचे.

सरांचं सगळंच बरोबर होतं असं म्हणून मी त्यांची पूजा बांधणार नाही. हेकट होते. कौतुक करायला जीभ रेटायची नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना त्यांनी किमान दहा वर्षं हिणवलं, त्यात काही चांगली पोरं दुखावून निघून गेली. मग वर्गात धडगावकडची एक मुलगी आली. पाड्यावरचं आरोग्य उपकेंद्र कायम बंद असतं, हे तिला दाखवायचं होतं. ती रोज त्या कुलपासमोर उभी राहून पावरीत, तिकडच्या आदिवासी बोलीत, बोलायची आणि दिवस कळावा म्हणून हातात ताजा पेपर धरायची. त्या दुर्गम भागात पेपर दुपारनंतर पोचतो, म्हणून तिचं चित्रीकरण नेहमी संध्याकाळचं. सरांनी ते सगळे तुकडे वर्गात ओळीनं पाहिले. मग उठून फळ्यावर लिहिलं: 'दुरुस्ती. मोबाइलवर पत्रकारिता होत नाही, असे मी या वर्गात सांगत आलो. ते चूक होते.' खाली सही केली, तारीख टाकली. फळा तीन दिवस पुसू दिला नाही.

आता तुमच्याकडे येतो.

सरांच्या नावानं काय करावं, यावर माजी विद्यार्थ्यांच्या बैठका चालू आहेत. अर्धपुतळा म्हणे, सभागृहाला नाव म्हणे, आणि सगळ्यांत जोरात आहे तो पुरस्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र, पालकमंत्र्यांच्या हस्ते. तुमच्यापैकी काहींनी प्रायोजकत्वाची तयारी दाखवली आहे, त्याबद्दल आभार. पण ज्या माणसानं २००९ च्या निवडणुकीनंतर वर्गात 'पॅकेज'चा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला, एकेक मजकूर फळ्यावर लावून दाखवला, दोन पेपरांत एकाच उमेदवाराची शब्दाशब्दानं तीच स्तुती कशी छापून आली ते रेघा मारून दाखवलं, त्याच्या नावाचा पुरस्कार पुढाऱ्याच्या हातून? पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये ७१ पानी अहवाल दिला. कौन्सिलनं तो आधी लोकांसमोर येऊच दिला नाही. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो बाहेर आला. सरांनी त्याची झेरॉक्स काढून प्रत्येकाला वाचायला लावली होती. ती अजून माझ्या कपाटात आहे.

आणि तालुक्याच्या वार्ताहराबद्दल मी काय सांगू, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर. सकाळी ज्या सरपंचाकडे वाढदिवसाची जाहिरात मागायची, त्यालाच संध्याकाळी पाणी योजनेचा हिशेब कसा विचारणार? हातात येतं त्यात महिन्याचं पेट्रोल निघत नाही. अशा माणसाकडून रात्री अकराला शेजारी फोन करून वेळ तपासायची अपेक्षा धरायची, तर आधी त्याच्या फोनचं बिल तरी तुम्ही भरायला हवं. एका पत्रानं हे बदलणार नाही, एवढं कळतं मला. मीही त्या खुर्चीत बसून तीच टार्गेटं वाटली आहेत.

म्हणून एकच मागणं, तेही कमी खर्चाचं. दोन नंबरच्या पानावर, डावीकडे खाली, दहा सेंटिमीटर जागा रोज राखून ठेवा. मथळा 'दुरुस्ती'. काल आपलं काय चुकलं ते तिथे लिहा. जाहिरात आली म्हणून ती जागा उडवू नका. ज्या दिवशी चूक सापडली नाही, त्या दिवशी चौकट रिकामी सोडा. असे दिवस फार येणार नाहीत. सरांचं नाव त्यावर टाकायची गरज नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सरांच्या तीन डायऱ्या काकूंनी माझ्याकडे दिल्या आहेत. बरेच नंबर बंद असतील. दोन माजी विद्यार्थी एकेक नंबर लावून तपासताहेत, साक्री आणि शिंदखेडा तालुका झाला. पुरी झाली की यादी तुमच्या प्रत्येक डेस्कला पाठवतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली. यंदा सरांच्या घरी त्यांच्या नावानं घागर भरायची आहे. शहाद्याचे आणि तळोद्याचे, दोघं काका येणार आहेत. वेळ मी काकूंना विचारून, आणि शेजारच्यांना पुन्हा विचारून, त्यांना स्वतः फोन करून कळवली आहे. शहाद्याच्या काकांनी फोनवर तरीही विचारलंच, "तुले कोनी सांगं?"

त्या आधी पहिली दुरुस्ती छापून आलेली मला हवी आहे. मजकूर खाली देतो, तारीख आपापल्या अंकाची टाकून घ्यावी. एक शब्दही वाढवू नये.

दुरुस्ती
दि. ........ च्या अंकात पत्रकारितेचे शिक्षक असलेल्या आमच्या सरांच्या निधनाच्या बातमीत अंत्ययात्रेची वेळ दुपारी ४ अशी दिली होती. ती सकाळी १० होती. त्यांचे वय दोन वर्षांनी जास्त छापले होते. ते संपादक नव्हते, वार्ताहर व शिक्षक होते. चुकीची वेळ त्यांच्या एका विद्यार्थ्याने खात्री न करता कळवली आणि आम्ही खात्री न करता छापली. त्यामुळे ज्यांना अंत्यदर्शन घेता आले नाही त्यांच्याबद्दल दिलगीर आहोत.

आपला,
तो विद्यार्थी